ऊन फुकट, पाणी मोजके



पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे गेलात किंवा खेड ओलांडून जुन्नरच्या बाजूला निघालात, की शेताच्या बांधावर उन्हाकडे तोंड करून उभी असलेली निळी-काळी पॅनेल आता जागोजागी दिसतात. शेतकरी त्यांना 'सोलरच्या प्लेटा' म्हणतात. या प्लेटांवर ऊन पडते, त्यातून वीज निर्माण होते, त्या विजेवर पंप चालतो आणि विहिरीतले किंवा बोअरमधले पाणी पिकाला मिळते. ना डिझेल, ना धूर, ना महिन्याचे बिल.

हे पाहून विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला आनंद व्हावा. मलाही तो होतो. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला हिशेब पुरा केल्याशिवाय चैन पडत नाही. सौर पंपाच्या हिशेबाला दोन बाजू आहेत. एका बाजूला ऊर्जा आहे, दुसऱ्या बाजूला पाणी. आपल्या सरकारी धोरणाने पहिली बाजू बरीच काळजीपूर्वक मांडली आहे. दुसरी बाजू मात्र अर्धवट राहिली आहे. ती पुरी केल्याशिवाय हे चांगले काम पुढे चांगले राहणार नाही, असे माझे मत आहे. ते तुम्ही नुसते ऐकून घेऊ नका. पुढची आकडेमोड वहीत करून पाहा आणि मग ठरवा.

धोरण काय आहे?

आधी योजना समजून घेऊ. केंद्र सरकारने २०१९ साली 'पीएम-कुसुम' ही योजना सुरू केली. शेतीसाठी लागणारी वीज सूर्यापासून मिळवावी आणि डिझेलचे पंप कमी करावेत, हा तिचा हेतू. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ साली, 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आणली होती. हिच्यात प्रत्येक शेतात पॅनेल बसवत नाहीत. वीज उपकेंद्राच्या जवळपास मोठा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या तारांतून दिवसा वीज द्यायची, अशी तिची रचना आहे. २०२३ साली या योजनेचा दुसरा आणि फार मोठा टप्पा सुरू झाला.

२०२४ साली आणखी दोन निर्णय झाले. पहिला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेचा. हिच्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकीचा भार अनुदानातून उचलला जातो. दुसरा निर्णय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा. त्याचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मिळेल असे सांगण्यात आले आणि त्याची मुदत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षांची ठेवली आहे.

म्हणजे राज्यातला शेतकरी तारेवरचा असो की प्लेटांवरचा, पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेची किंमत त्याच्यापुरती जवळजवळ शून्यावर आली आहे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे याच शून्यावरून निघते.

धोरणाचे गुण

या धोरणात चांगले काय आहे ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महाराष्ट्राच्या तारांतून येणारी वीजही मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते. तेव्हा पंप उन्हावर चालवला, तर हवामान बिघडवणारा वायू तेवढा कमी बाहेर पडतो. यात शंका नाही.

दुसरा गुण शहरातल्या मुलांना चटकन कळणार नाही. वर्षानुवर्षे शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी येत असे आणि अनेक ठिकाणी अजूनही येते. रात्रपाळी आली की शेतकऱ्याने ऐन थंडीत मध्यरात्री उठायचे, बॅटरी घेऊन शेतात जायचे, मोटर सुरू करायची आणि चिखलात उभे राहून पाणी धरायचे. बांधावर साप, जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या. सूर्यावर चालणारा पंप दिवसाच चालतो. या एका कारणासाठीसुद्धा तो हवा.

तिसरा गुण भौतिकशास्त्राचा. ऊन कडक असते तेव्हा पिकाला पाणी जास्त लागते आणि त्याच वेळी पंपही जोरात चालतो. मागणी आणि पुरवठा इतके जुळून येणे क्वचितच घडते.

लगाम कुठे गेला?

आता दुसरी बाजू. डिझेलच्या पंपाला एक लगाम होता. तासभर जास्त चालवला तर खिशातून पैसे जात. 'बस झाले, बंद करा' असे खिसाच सांगे. तारेवरच्या पंपालाही एक लगाम होता, तो भारनियमनाचा. वीज आठ तास, तर पंपही आठ तासच. हे लगाम त्रासाचे होते, अन्यायाचेही होते. त्यांची आठवण काढून गळा काढावा असे त्यांत काही नाही. पण ते पाण्यावरही नकळत पहारा करत होते.

सौर पंपाला असा लगाम नाही. वर्षातले बहुतेक दिवस ऊन असते. पंप दिवसभर चालू ठेवला काय किंवा दोन तास चालवला काय, शेतकऱ्याचा खर्च तेवढाच. मग माणूस काय करील? आज पाणी आहे तर घेऊन ठेवू, असेच म्हणेल. मी ठेवले तरी शेजारी उपसणारच, असेही म्हणेल. यात त्याचा दोष नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर हेच केले असते. नियम आखताना माणूस असा वागणार हे धरूनच आखावे लागतात.

थोडे गणित करू

नववी-दहावीच्या पुस्तकातले सूत्र आठवा. वस्तू वर उचलण्यासाठी लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम. ते ३० मीटर खोलीवरून वर आणायचे, तर १ × ९.८ × ३० म्हणजे २९४ ज्यूल ऊर्जा लागेल.

पाच अश्वशक्तीचा पंप घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट. पंपात आणि पाइपात घर्षणाने ऊर्जा वाया जाते. सोयीसाठी निम्मी ऊर्जा पाण्याला मिळते असे धरू. मग दर सेकंदाला १,८६५ ज्यूल. त्याला २९४ ने भागले की सेकंदाला सुमारे ६.३ लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ २२,८०० लिटर पाणी येते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जमेस धरून दिवसाचे पाच तास पूर्ण जोराचे मानले, तर एका दिवसात सुमारे १ लाख १४ हजार लिटर.

आता ही जमेची बाजू पाहू. ज्या शेतकऱ्याला हा पंप मिळाला, त्याची जमीन पाच एकर आहे असे समजा. पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरू. त्यातला बराचसा वाहून जातो, बराचसा वाफ होऊन उडतो, काही मातीत ओल म्हणून राहतो. आपल्या काळ्या खडकाच्या प्रदेशात एक-दशांश भाग खोल मुरून भूजलाला मिळाला, असे मानू. म्हणजे ५० मिलिमीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा पाच एकरांत वर्षभरात मुरलेले पाणी = ५ × ४,०४७ × ५० = सुमारे १० लाख लिटर.

दहा लाखांना १ लाख १४ हजारांनी भागा. उत्तर नऊच्याही थोडे आत येते. वर्षभर आकाशाने त्या पाच एकरांत जे पाणी खाली मुरवले, ते हा पंप पुरत्या जोराने चालला तर नऊ दिवसांत बाहेर काढील! गृहीत धरलेले आकडे गावागावाप्रमाणे बदलतील. तुम्ही मुरणारे पाणी दुप्पट धरा, गावात बंधारे आहेत म्हणून तिप्पट धरा. नऊचे अठरा होतील, सत्तावीस होतील. वर्षाचे दिवस मात्र ३६५ आहेत.

पायाखालचा खडक

'पण जमिनीखाली तर पाण्याचा मोठा साठा असतो ना?' असे कोणी विचारील. इथे आपल्याला पायाखाली पाहावे लागेल. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या कातळाने व्यापला आहे. गंगेच्या मैदानात जमिनीखाली गाळ आणि वाळू आहे. तिथे कणाकणांमधल्या पोकळीत पाणी साठते. आपल्याकडे वरचा मुरूम आणि खालच्या कातळातल्या भेगा, एवढीच काय ती पाण्याला जागा. भूजलशास्त्राच्या दृष्टीने अशा खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असते.

मधला आकडा, दोन टक्के, घेऊ. याचा अर्थ पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती येते फक्त २० मिलिमीटर पाणी. पिकाला १०० मिलिमीटर पाणी द्यायचे आणि ते सारे पायाखालच्याच खडकातून घ्यायचे, तर तेवढ्या क्षेत्राखालची पातळी पाच मीटरने उतरेल. ज्वारीच्या पिकाला सगळे मिळून चारपाचशे मिलिमीटर पाणी लागते, तर उसाला दोन हजारांच्याही वर. पुढचा गुणाकार तुमच्यावर सोपवतो.

अशा खडकात खणलेली विहीर दिवसभर जोराने उपसली तर दोन-चार तासांत तळ दिसतो. मग काय होते? शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारतो, मग उभे बोअर, मग त्याहून खोल. शेजारीही तेच करतो. इथे आपले सूत्र पुन्हा कामाला येते. खोली ३० मीटरची ६० झाली, तर त्याच प्लेटांवर, त्याच उन्हात, पाणी निम्मे येईल. ९० झाली तर एक-तृतीयांश. सूर्य तितकाच तळपत राहील आणि पंपाच्या तोंडातली धार मात्र बारीक होत जाईल. मग शेतकरी मोठा पंप मागेल. पाणी नसलेल्या बोअरवर बसवलेला पंप म्हणजे भंगारात घालण्याच्या लायकीचे लोखंड, मग त्यावर अनुदान कितीही मिळालेले असो.

सर्वांत आधी कोरडी कोण पडते? जिची खोली कमी ती विहीर. ती बहुधा गरीब शेतकऱ्याची असते, किंवा गावाच्या पिण्याच्या पाण्याची. मागच्या पिढीत ज्यांनी खोल बोअर मारायला पैसे जमवले त्यांनी पाणी मिळवले, ज्यांना जमले नाही त्यांच्या दारात टँकर आला. फुकट उन्हाने ही दरी आणखी रुंदावू नये, एवढीच माझी धडपड आहे.

यात हवामानबदलाची भर पडते. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. थोड्या वेळात धो-धो पडलेला पाऊस मुरत नाही, माती घेऊन वाहून जातो. पावसाची सरासरी कागदावर तीच राहिली, तरी विहिरीच्या वाट्याला कमी येऊ शकते.

मग पंप द्यायचेच नाहीत का?

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा, की राज्याची सरासरी काढली तर भूजलाचा उपसा हा उपलब्ध पुनर्भरणाच्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे, मग घाबरायचे कशाला? सरासरीविषयी जपून राहा. कोकणात पडणारा पाऊस आणि इंदापुरात पडणारा पाऊस यांची बेरीज करून दोनाने भागले, तर इंदापूरची विहीर भरत नाही. आपल्या खडकात तर एका गावाचे पाणी शेजारच्या गावालाही सहजी जात नाही.

दुसरा आक्षेप ठिबक सिंचनाचा. ठिबकने एकरी पाणी वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर विहिरीच्या दृष्टीने काहीच वाचले नाही. ठिबक हवेच, पण त्याला मापाची जोड हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शहरातले लोक मनसोक्त पाणी वापरणार, बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात बोअर मारणार आणि शेतकऱ्याला मात्र मोजून पाणी घ्या म्हणून सांगणार, हा कुठला न्याय? हा प्रश्न पुण्यात बसून लिहिणाऱ्याला विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे, की मोजमाप दोघांनाही लागू व्हावे. सोसायटीच्या बोअरलाही मीटर बसवावा. आणि कोरडवाहू शेतकऱ्याला पंप नाकारावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला मिळालेला पंप दहा वर्षांनीही पाणी देत राहावा, असे म्हणतो.

पुरंदरने घालून दिलेली वाट

हे स्वप्नरंजन नव्हे. पुण्याच्या उंबऱ्यावरच असा प्रयोग झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळाने हेलावलेले पुण्याचे एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन कराराने घेतली. तिथे पाणी अडवून, मुरवून त्यांनी कामाला सुरुवात केली आणि त्यातून पुढे 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसासारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत. भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे दर वर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, हे पाहून आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यात कोणते पीक किती घ्यायचे, ते ग्रामसभेत ठरते. तुमच्या आईने महिन्याच्या सुरुवातीला पगारातून भाडे, किराणा आणि फी वेगळी काढावी, तसेच हे.

या दोन्ही ठिकाणी पाण्याचा वाटा आधी ठरला आणि उपसा त्याच्या मागून आला. आपल्या आजच्या सौर पंपाच्या योजनेत काय आहे पाहा. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा आणि त्याहून जास्त असेल तर साडेसात अश्वशक्तीचा. शेतकऱ्याकडे पाण्याचा खात्रीचा स्रोत असावा अशी अट आहे, ती चांगली आहे. पण पंपाचा आकार ठरतो तो एकरांवर. आणि जमिनीच्या एकरांत मावेल तेवढे पाणी खडकात असतेच असे नाही.

उन्हाचेही पीक काढा

लगाम पुन्हा लावायचा, तर तो शिक्षेचा असण्याची गरज नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. तिथे २०१६ साली काही शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली. त्यांची पॅनेल विजेच्या तारांना जोडली गेली. पंप बंद असताना तयार होणारी वीज ते वीज कंपनीला विकू लागले. आता पंप उगाच चालवला तर विकता येणारी वीज पाण्यात जाते! खिसा पुन्हा बोलू लागला, तोही शेतकऱ्याच्या बाजूने.

हिशेब करा. पाच अश्वशक्तीच्या पंपाबरोबर साधारण ५ किलोवॅटची पॅनेल येतात. ती दिवसाला सुमारे २० युनिट वीज देऊ शकतात. वर्षात दोनशे दिवस पंपाची गरज नसेल, तर ४,००० युनिट वीज निर्माण होण्याआधीच वाया जाते. सुट्या, तारेशी न जोडलेल्या पंपाच्या बाबतीत आज हेच घडते. ज्वारी-बाजरीप्रमाणे उन्हाचेही पीक काढता आले, तर ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देईल त्या वर्षीही घरात चार पैसे येतील.

काय बदलावे?

माझ्या चार सूचना आहेत.

एक, पंपाची अश्वशक्ती ठरवताना एकरांबरोबर विहिरीची खोली, तिची पाणी भरून येण्याची क्षमता आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद विचारात घ्यावा. भूजलाची मोजणी करणारी 'भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा' ही राज्य सरकारची संस्था पुण्यातच आहे. ती राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिचा शब्द पंप मंजूर करताना घेतला जावा.

दोन, जिथे विजेची तार जवळ आहे तिथे सुट्या पंपाऐवजी तारेशी जोडलेला पंप किंवा सौर वाहिनीची दिवसाची वीज द्यावी. सुटा पंप जिथे तार पोचत नाही तिथे.

तीन, जिथे उपसा मर्यादेबाहेर गेला आहे तिथे नवा भार नको. पीएम-कुसुमच्या नियमांत हे तत्त्व आहे. अशा भागात फक्त जुना डिझेल पंप बदलून सौर पंप घेता येतो, तोही पाणी वाचवणाऱ्या सूक्ष्म सिंचनासह. राज्याचा भूजल अधिनियमही २००९ सालचा आहे, २०१४ पासून तो लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात पाण्याच्या उपलब्धतेप्रमाणे पीक योजना करण्याची तरतूद त्यात आहे. नियम कपाटात न राहता पंपाच्या अर्जापर्यंत पोचावेत.

चार, सौर पंपांवर दुरून नोंद घेणारे यंत्र बसवण्याची अट आहेच. त्यातून पंप किती वेळ चालला ते कळते. ही माहिती कंपनीच्या संगणकात पडून राहण्यापेक्षा, शेतकऱ्यांची नावे न देता, गावाची एकूण बेरीज म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहावी. शेजारी विहिरीच्या पाण्याची पातळी लिहावी. दोन आकडे शेजारी शेजारी दिसले, की पुढची चर्चा गावकरी आपणच करतील. त्यांना पाण्यातले आपल्यापेक्षा अधिक कळते.

तुम्हांला काय करता येईल?

ज्यांची शाळा खेड्यात आहे, त्यांनी शिक्षकांच्या मदतीने एक उपक्रम जरूर करावा. गावातल्या चार-पाच विहिरी निवडा. सुताच्या दोरीला दगड बांधून, दर मीटरला गाठ मारून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करा, काठावर वाकू नका. मोजणी ऑक्टोबरच्या अखेरीस, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी व्हावी. शाळेत पर्जन्यमापक असेल तर पावसाची नोंद ठेवा. एखाद्या काकांच्या सौर पंपाखाली २०० लिटरचे पिंप ठेवून ते किती सेकंदांत भरते ते पाहा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता पाहिलेत, तर उन्हाच्या कलाचा परिणामही दिसेल.

शहरातल्या मुलांनी आपल्या सोसायटीच्या बोअरची चौकशी करावी. खोली किती, रोज किती तास चालते, मीटर आहे का, पावसाचे गच्चीवरचे पाणी कुठे जाते? उत्तरे न मिळाली तर तीही नोंद महत्त्वाची आहे.

शिक्षकांना एक विनंती. कार्य, ऊर्जा आणि शक्ती हा धडा शिकवताना गाडा ढकलणारा माणूस दरवर्षी येतोच. या वर्षी त्याच्याबरोबर गावची विहीर घ्या. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलांच्या हातात असा तक्ता असेल, जो बहुतेक ग्रामपंचायतींकडे नाही. तो ग्रामसभेत वाचून दाखवा. पंपाच्या योजना मुंबई-दिल्लीत ठरतात, हे खरे. पण कोणत्या विहिरीत किती पाणी आहे हे तिथे बसून मोजता येत नाही. ते मोजण्याचे काम तुमच्या हातचे आहे आणि येत्या ऑक्टोबरपासून ते सुरू करता येईल.